फ्रेम किती ताठ हवी? भाचीची डाउनहिल सायकल निवडताना

भाचीसाठी डाउनहिलची, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने उतरण्याच्या शर्यतीची, नवी सायकल घ्यायची ठरली, तेव्हा कागदावर आमच्यासमोर जवळपास सगळं होतं. हेड अँगल (पुढच्या चिमट्याचा कल) ६३ अंशांच्या आसपास, मागेपुढे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शनवर चाक वर सरकण्याचं अंतर), मागचा ॲक्सल (चाकाचा आस) १५७ मिलिमीटरचा, पुढे दोन क्राउनचा चिमटा (फोर्क). रीच, चेनस्टे, व्हीलबेस या लांबीच्या मापांचा मिलिमीटरपर्यंत हिशेब. फ्रेम कुठे, किती आणि कोणत्या दिशेने लवते, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या जागी विशेषणं होती. प्रत्येक कंपनीची फ्रेम गेल्या वर्षीपेक्षा ताठ, आणि काहींची ‘हवी तिथे लवचीक’. हे दोन्ही दावे एकाच सायकलच्या माहितीत शेजारी शेजारी वाचायला मिळाले.

नागपूरकराला ही अडचण जास्त बोचते. शहर सपाट. खऱ्या उतारासाठी चिखलदऱ्याकडे पाहावं, तर ते सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथलं जंगल व्याघ्र प्रकल्पाचं. रस्ता सोडून तिथे चाक घालायचं नाही, घालूही नये. इथल्या दुकानांत अशा सायकली उभ्या नसतात, मागवाव्या लागतात. म्हणजे लाखांत जाणारी वस्तू चालवून न पाहता घ्यायची. आणि घेणारी पोरगी ५२ किलोची. रस्त्यावर मी तिला शिकवलं, पण माझं वजन ८४ किलो. मला जी फ्रेम ‘बरोबर’ वाटेल ती तिला लाकडासारखी वाटू शकते, हे पहिल्यापासून माझ्या डोक्यात होतं. म्हणून ठरवलं की ओळखीतल्या स्पर्धकांकडून हंगाम नसताना सायकली मागायच्या, त्या उघडायच्या आणि मोजायच्या.

तीन फ्रेम मिळाल्या. एक ॲल्युमिनियमची, हाय पिव्हटची, म्हणजे मागचा भाग ज्या सांध्यावर (पिव्हटवर) झुलतो तो वर असलेली. दुसरीचा पुढचा त्रिकोण (फ्रेमचा पुढचा, न झुलणारा भाग) कार्बनचा. तिसरी काही वर्षं जुनी, ॲल्युमिनियमचीच, साध्या चार पिव्हटच्या रचनेची. दोन मीडियम मापाच्या होत्या आणि जुनी लार्ज. मापाचा फरक हिशेबात धरावा लागतो. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या नळीच्या दुसऱ्या टोकावर भार दिला, तर वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी ५ टक्क्यांनी वाढली तर वाक साधारण १६ टक्क्यांनी. मोठ्या मापाच्या फ्रेमला नळ्या बदलल्या नाहीत तर ती आपोआप जास्त लवते, आणि ती चालवणारा मात्र बहुतेकदा जास्त वजनाचा असतो. काही कंपन्या मापागणिक नळ्या किंवा कार्बनचे थर बदलतात, सगळ्या नाही. घेताना हे जरूर विचारावं.

मोजण्याआधी भाचीला एक गोष्ट नीट समजावून सांगितली, कारण चौकशी करताना एका विक्रेत्याने फोनवर तिला ‘टी-६ आहे, म्हणून ताठ’ असं सांगितलं होतं. ताठपणा वेगळा, मजबुती वेगळी. ६०६१ या मिश्रधातूच्या ॲल्युमिनियमला टी-६ ही उष्णतेची प्रक्रिया दिली की त्याची वाकून कायमचं वाकडं न होण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. ताठपणा होता तेवढाच राहतो. ॲल्युमिनियमची मिश्रधातू कोणतीही घ्या, स्थितिस्थापकता गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपासच. पोलादाचा २०० च्या आसपास, पण पोलाद वजनालाही जवळपास तिप्पट. त्यामुळे ताठपणाचं गणित धातूच्या नावावर ठरत नाही, नळीच्या आकारावर ठरतं. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर वजन १० टक्के वाढतं आणि वाकण्याला विरोध ३३ टक्के. डाउनहिलच्या फ्रेमचे ते जाडजूड डाउनट्यूब (खालच्या तिरप्या नळ्या) दिसायला दणकट वाटावेत म्हणून नसतात. कार्बनमध्ये तर धाग्यांची दिशाच सगळं ठरवते: लांबीच्या दिशेचे धागे वाक रोखतात, ४५ अंशांत तिरपे टाकलेले पीळ रोखतात. म्हणून ‘कार्बन ताठ’ हे वाक्यही अर्धंच.

फ्रेमवरच्या प्रमाणपत्रांचंही तेच. आयएसओ ४२१० हे सायकलच्या सुरक्षिततेचं मानक. त्यात फ्रेमवर पुन्हा पुन्हा भार टाकून ती टिकते का ते पाहतात. फ्रेमवरचं ‘कॅटेगरी ५’ हे चिन्ह ती कोणत्या वापरासाठी आहे ते सांगतं. दोन्ही आवश्यक आहेत. ती चालवताना कशी वाटेल, हे मात्र दोन्हींतून कळत नाही.

हिंगणा एमआयडीसीत ओळखीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आम्ही जिग, म्हणजे फ्रेम पक्की धरून मोजायचा साचा, करून घेतला. जाड लोखंडी चॅनल, त्यावर बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस बसतो ती जागा) धरणारा सांगाडा, मागच्या ड्रॉपआउटमध्ये (मागचं चाक बसतं त्या जागेत) बसेल असा लेथवर काढलेला १२ मिलिमीटरचा भरीव ॲक्सल, हेडट्यूबमध्ये (चिमटा बसतो त्या पुढच्या नळीत) बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या चकत्या आणि त्यांतून जाणारा दांडा. भार द्यायला जिमच्या वजनाच्या चकत्या, मोजायला डायल गेज. कार्बनच्या फ्रेमला नळीवर कुठेही शिकंजा लावायचा नाही हे मी सुरुवातीलाच बजावलं. पकड फक्त कारखान्यात बनवलेल्या धातूच्या जागांवर.

शेडमधले मिस्त्रीकाका सगळं शांतपणे पाहत होते. चॅनल पक्का बसवल्यावर म्हणाले, “भाऊ, हा चॅनलच वाकत असन तं मंग मोजमाप कायचं? पहिले याचंच घ्या.” अगदी बरोबर बोलले. फ्रेमच्या जागी भरीव पोलादी ठोकळा बसवून आधी जिगचाच वाक घेतला आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा केला. घरी कोणी हा प्रयोग करणार असेल तर ही पायरी गाळू नका. डायल गेज मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, आणि टेबलाचा पायदेखील तेवढा हलतो.

शॉकचं, म्हणजे मागच्या धक्काशोषकाचं, काय करायचं हा खरा कळीचा प्रश्न होता. शॉक तसाच ठेवला तर भार दिल्यावर तो दबतो आणि फ्रेमचा वाक त्यात हरवतो. म्हणून शॉक काढून त्याच्या जागी भोकं पाडलेली जाड लोखंडी पट्टी लावली. आमच्या दोन फ्रेमचा शॉक २५० बाय ७५ मापाचा: लांबी २५० मिलिमीटर, दबण्याची हद्द ७५. ३० टक्के सॅग (चालवणारा नुसता बसल्यावर होणारं दबणं) धरला तर शॉक २२.५ मिलिमीटर दबलेला असतो, म्हणून पट्टीच्या भोकांमधलं अंतर २२७.५ मिलिमीटर. दुसरी पट्टी बॉटम-आउटच्या, म्हणजे शॉक पूर्ण दबण्याच्या, जवळची. दोन्ही घेणं भाग आहे, कारण लिंकेजचे (मागच्या भागाला जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलले की मागच्या त्रिकोणाचा आडवा आधारही बदलतो. सॅगवर छान ताठ वाटणारी फ्रेम खोल ट्रॅव्हलमध्ये ढिली पडू शकते, आणि खडकावर आदळताना सायकल असते ती खोल ट्रॅव्हलमध्येच.

मोजमापं तीन केली. पेडलच्या जोराने बॉटम ब्रॅकेट किती हलतो हे पहिलं. डाउनहिलसाठी ते मला दुय्यम वाटतं, एकदा नोंदवलं आणि सोडून दिलं. दुसरं हेडट्यूबचा पीळ: बॉटम ब्रॅकेट धरून ठेवायचा, हेडट्यूबमधल्या दांड्याच्या टोकाला आडवं वजन लावायचं आणि पुढचा त्रिकोण किती अंश पिळतो ते पाहायचं. तिसरं, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, मागच्या ॲक्सलचं. तिथे एक गेज पुरत नाही. ॲक्सल बाजूला किती सरकला आणि सरकताना किती कलंडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ॲक्सल समांतर सरकला तर चाक आपल्याच रेषेत थोडं बाजूला जातं आणि परत येतं. पिळला तर चाक झुकतं, कधी वळतंही, आणि सायकल मागून आपलं आपणच वळण घेतल्यासारखी वाटते. म्हणून ॲक्सलवर चाकाच्या त्रिज्येएवढा दांडा उभा बसवला आणि एक गेज ॲक्सलपाशी, दुसरा दांड्याच्या टोकाशी लावला.

वजनं १०, २०, ३० किलो अशी चढवायची आणि तशीच उतरवायची. ३० किलो म्हणजे सुमारे २९४ न्यूटन. समजा ॲक्सल ३ मिलिमीटर सरकला, तर ताठपणा ९८ न्यूटन प्रति मिलिमीटर. पण एका आकड्यावर थांबलं तर फसगत होते, आणि जुन्या फ्रेमने तेच दाखवलं. पहिल्या १० किलोंना ती खूप हलली, पुढच्या प्रत्येक १० किलोंना मात्र नव्या फ्रेमइतकीच. कागदावर आलेख काढला तेव्हा सुरुवातीला उडी आणि मग सरळ रेष. सरळ रेषेचा उतार हा फ्रेमचा खरा ताठपणा, सुरुवातीची उडी म्हणजे पिव्हटमधला प्ले (सैलपणा). बेअरिंग बदलली, बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापावर आवळले, पुन्हा मोजलं, तर उडी जवळजवळ नाहीशी. मालकाने ही सायकल ‘फार लवते’ म्हणून बाजूला ठेवली होती. त्याला फोन करून सांगितलं की दादा, विकू नका, बेअरिंगचा खर्च करा. मला तर वाटतं, जुन्या फ्रेमबद्दलच्या कितीतरी तक्रारी फ्रेमच्या नसतातच.

आता निकाल. कार्बनच्या फ्रेमचा पुढचा त्रिकोण पिळाला इतरांपेक्षा स्पष्टपणे ताठ निघाला, शंकेला जागाच नव्हती. पण तिचा मागचा भाग ॲल्युमिनियमचा होता, आणि मागच्या ॲक्सलपाशी ती हाय पिव्हटवाल्या फ्रेमच्या थोडीच पुढे होती. म्हणजे पुढून अतिशय ठाम, मागून मध्यम. हाय पिव्हटची फ्रेम दोन्हीकडे मध्यम, आणि तिचा मागचा ॲक्सल सरकताना फार कमी कलंडत होता. जुन्या फ्रेमचा ॲक्सल सरकायचा नव्यांइतकाच, पण सरकताना कलंडायचाही. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते पुढच्या-मागच्या ताठपणाचं गुणोत्तर. चिमटा ४० मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा, पुढचा ॲक्सल २० मिलिमीटरचा, त्यात पुढचा त्रिकोण खडकासारखा. मग चालवणाऱ्याच्या हातांना एक सायकल कळते आणि पायांना दुसरी.

इथे भाचीने रास्त प्रश्न विचारला. “मामा, पण मग सगळंच ताठ का नको?”

कारण सस्पेन्शन काम करतं ते फक्त सायकलच्या स्वतःच्या प्रतलात. सरळ उतारावर धक्का खालून येतो आणि शॉक तो गिळतो. वळणात सायकल ४५ अंश झुकली की जमिनीतला खडबडीतपणा तिला तिरपा भेटतो. त्याचा जेवढा वाटा सस्पेन्शनच्या दिशेने जातो तेवढाच आडवा येतो. त्या आडव्या वाट्याला गिळायला टायर, आरे, रिम, चिमट्याचे पाय आणि फ्रेम एवढेच असतात. यांतलं काहीच लवलं नाही तर चाक जमिनीवरून उडतं. मोटरसायकलवाल्यांना हे फार आधी उमगलं. २००९ मध्ये डुकाटीने मोटोजीपीत कार्बन फायबरची चौकट उतरवली आणि २०१२ च्या हंगामात ती सोडून ॲल्युमिनियमची घेतली. पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते कळत नाही, ही त्या काळातली मोठी तक्रार होती. डाउनहिलमध्येही स्पेशलाइज्डने डेमो आणि ट्रेकने २०२१ मध्ये सेशन ही आपली मुख्य सायकल कार्बन सोडून ॲल्युमिनियममध्ये काढली. खर्च आणि फेरबदलाची सोय हीसुद्धा त्यामागची कारणं असणार, पण कार्बन सोडल्याने शर्यतीत मागे पडू असं त्यांना वाटलं नाही, हे उघड आहे. अथर्टन या डाउनहिल स्पर्धक भावंडांच्या कंपनीने तिसराच मार्ग धरला: कार्बनच्या नळ्या आणि थ्री-डी प्रिंट केलेले टायटॅनियमचे सांधे. त्यांतल्या रेचल अथर्टनने २०१६ मध्ये महिलांच्या डाउनहिल विश्वचषकाची प्रत्येक फेरी जिंकली होती. भाचीच्या खोलीत तिचं पोस्टर आहे, त्यामुळे ती सायकल आमच्या खिशाच्या पलीकडे आहे हे सांगताना मला वाईट वाटलं.

ताठपणाचा आकडा हातात आल्यावर त्याचं वजन किती धरायचं हेही पाहावं लागतं. टायर, चाक, फ्रेम हे एकामागोमाग जोडलेले स्प्रिंग आहेत. अशा साखळीत सर्वांत मऊ कडीच एकूण परिणाम ठरवते. धरा, टायर आणि चाक मिळून आडवा ताठपणा १, आणि फ्रेमचा ४. एकूण होतो ०.८. आता फ्रेम दुप्पट ताठ घेतली, ८ ची, तर एकूण ०.८९. फ्रेमसाठी भरमसाट पैसे मोजून चालवणाऱ्याला मिळाले ११ टक्के. टायरमधली हवा दोन पीएसआयने बदलली की कदाचित तेवढाच फरक पडेल, फुकटात.

आणि हवेचा मुद्दा नागपुरात साधा नाही. पहाटे २५ अंशांत टायरमध्ये २५ पीएसआय भरले आणि दुपारी तेच टायर ४५ अंशांना तापले, तर गेजवर साडेसत्तावीसच्या वर दाखवेल. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी एक सायकल आणि अकरा वाजता दुसरी चालवली, तर तुलना फ्रेमची होत नाही, उन्हाची होते. आम्ही प्रत्येक उतरणीआधी सावलीत थांबून दाब तपासायचो. टायर तेच, चाकंही तीच, आऱ्यांचा ताणही तपासलेला. १५७ चा मागचा ॲक्सल तिन्हींना सारखा असल्याने एकच चाकजोडी फिरवता आली, ही मोठी सोय झाली.

काटोलकडे एका मित्राच्या शेतामागे टेकडी आहे. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बसाल्ट, पूर्वेला गेलं की खडकाची जातच बदलते. आम्हाला बसाल्टच हवा होता: धारदार, सुटा, पायाखाली सरकणारा. उतार इतका छोटा की घड्याळ लावून काही सिद्ध होणार नाही. पण एक आडवा कललेला पट्टा होता, दगडगोट्यांनी भरलेला, आणि त्यापुढे मातीची एक वळणवाट. एवढ्यावर एकच गोष्ट बघायची होती: कललेल्या पट्ट्यात चाक रेषेवर राहतं का.

तिच्या जाणिवेवर किती विसंबायचं, हे आधी तपासलं. तिला न सांगता मागच्या टायरमधला दाब दोन पीएसआयने कमी-जास्त करायचो, कधी तसाच ठेवायचो, आणि ‘बदललं की नाही’ एवढंच विचारायचो. ती ओळखायची. मी फ्रेमबद्दल तिचं म्हणणं गंभीरपणे घेतलं ते त्यामुळेच. सायकलीही तिने आकडे न पाहता चालवल्या. मोजमापांची वही माझ्या गाडीत बंद होती.

कार्बनच्या सायकलवरून उतरल्यावर ती म्हणाली, “मामा, समोरून सांगावं तिथे जाते. पण आडव्या पट्ट्यात दगडागणिक खाली सरकवते ना मला. पकडून ठेवावं लागतं.” हाय पिव्हटवर तिने काहीच तक्रार केली नाही, फक्त पुन्हा एकदा जाऊ का म्हणून विचारलं. जुन्या सायकलवर तिला सरळ पट्टा आवडला, वळणात मात्र ‘मागचं उशिरा येतं’ म्हणाली. पिळाचा गेज अगदी हेच सांगत होता. मग मी स्वतः चालवल्या. मला कार्बनची सर्वांत नीट वाटली. ८४ किलो अंगावर घेऊन ती जेवढी लवायला हवी तेवढी लवत होती, आणि हाय पिव्हटची वळणात मला किंचित मऊ जाणवली. एकच उतार, तेच टायर, दोन माणसं आणि दोन वेगळी उत्तरं. वजनाने मोठ्या, जोरकस चालवणाऱ्या स्पर्धकांची मतं ऐकून ५२ किलोच्या मुलीने फ्रेम निवडू नये, हे मी आता प्रत्येक पालकाला सांगतो. उलटही तितकंच खरं: तिला आवडलेली फ्रेम मी स्वतःसाठी घेणार नाही.

फार लवणारी फ्रेमही स्वस्तात पडत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. मागचा त्रिकोण पिळला की शॉकवर बाजूने जोर येतो, त्याची बुशं आणि दांडा लवकर झिजतात, आणि शॉक अडकत चालतो. जुन्या फ्रेमचा शॉक उघडला तेव्हा बुश एका बाजूनेच खाल्लेलं होतं.

शेवटी हाय पिव्हटची ॲल्युमिनियम फ्रेम मागवली, मीडियम मापाची. कार्बनच्या तुलनेत वाचलेले पैसे चांगल्या चाकांत आणि जाड आवरणाच्या टायरांत घातले. तिच्यासाठी आऱ्यांचा ताण मी नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवला आहे, दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात, आणि तो दर महिन्याला तपासतो.

नवी फ्रेम आली तशी जोडणीआधीच हिंगण्याला नेली. मिस्त्रीकाकांनी जिग कोपऱ्यात जपून ठेवला होता. उसनी घेतलेल्या फ्रेमशी तिचे आकडे जवळपास जुळले, म्हणजे निवड ज्या फ्रेमवर बेतली होती तीच हाती आली. तिन्ही मोजमापं तारखेसह वहीत लिहिली. दर हंगामानंतर पुन्हा घेणार आहोत, कारण ॲल्युमिनियम थकतं. बेअरिंग ठीक असताना आलेखाच्या सरळ रेषेचा उतारच कमी झाला, तर कुठेतरी वेल्डपाशी चीर धरत असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा फ्रेम धुऊन, प्रत्येक सांधा भिंगाखाली पाहिल्याशिवाय तिला उतारावर सोडणार नाही.